कराचे ओझे आणि मताचे पारडे

(एका वसंत व्याख्यानमालेत सनदी लेखापाल असलेल्या वक्त्याने ‘कर आणि मतदार’ या विषयावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय सुचवला तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. सनदी लेखापालाने आकड्यांवर बोलावे, राजकारणावर बोलू नये, असे मी मानत आलो. पण नंतर विचार केला की गेली पस्तीस वर्षे लोकांची विवरणपत्रे भरताना मी एक गोष्ट सतत पाहत आलो आहे. मार्च महिन्यात समोरच्या खुर्चीत बसून, कराचा आकडा पाहून, “या वेळी यांना मत देणार नाही,” असे म्हणणारे कितीतरी लोक मला भेटले. त्यांपैकी किती जणांनी खरोखर तसे केले, हे मला ठाऊक नाही. मात्र तो आकडा पाहताना त्यांच्या मनात काय चालते, याचा थोडाबहुत अंदाज मला आहे. आज तोच आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रश्न सोपा आहे. ज्याची कमाई अधिक आहे आणि ज्याच्यावर करवाढ येऊ घातली आहे, असा माणूस मतदानाच्या दिवशी काय तोलतो? ‘दुसरे काय, खिसा!’ असे उत्तर आपण चटकन देतो. मीही तेच देत असे. परंतु जिथे करवाढीचा आकडा मतदारापुढे उघडपणे ठेवला गेला, त्या देशांतील निवडणुका पाहिल्यावर माझे मत बदलले.

एका प्लंबरचा प्रश्न

ऑक्टोबर २००८. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा प्रचार शिगेला पोहोचला होता. बराक ओबामा यांचे वचन असे होते की वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्या कुटुंबाचा कर वाढणार नाही. त्यावरच्यांना मात्र बिल क्लिंटन यांच्या काळातील दर पुन्हा लागू होतील. म्हणजे ३३ टक्क्यांचे ३६ आणि सर्वोच्च ३५ टक्क्यांचे ३९.६. ओहायो राज्यात ते घरोघरी फिरत असताना एका प्लंबरने त्यांना अडवले. तो म्हणाला, मी एक व्यवसाय विकत घेणार आहे, त्याचे उत्पन्न अडीच ते दोन लाख ऐंशी हजार डॉलरचे आहे, तुम्ही माझ्यावर अधिक कर लावणार ना? ओबामांनी बराच वेळ उत्तर दिले. त्यात संपत्ती थोडी वाटली गेली तर सर्वांचेच भले होते, अशा अर्थाचे एक वाक्य होते. प्रतिपक्षाने तेच उचलले. तीन दिवसांनी झालेल्या अखेरच्या वादसभेत जॉन मॅककेन यांनी त्या प्लंबरचा उल्लेख पुनःपुन्हा केला.

आता व्यवसायाच्या सवयीने मी जे गणित मांडले ते ऐका. त्याचे करपात्र उत्पन्न खरोखर दोन लाख ऐंशी हजार झाले असते, तर वाढीव दर लागला असता तो फक्त वरच्या तीस हजारांवर. त्या तीस हजारांवर तीन टक्के, म्हणजे नऊशे डॉलर. पावणेतीन लाखांहून अधिक कमाईवर वर्षाला नऊशे! आणि त्या क्षणी त्याचे स्वतःचे उत्पन्न त्या मर्यादेच्या आसपासही नव्हते. तरीही त्याच्या प्रश्नाने देश ढवळून निघाला, कारण तो आपल्या आजच्या कमाईसाठी बोलत नव्हता. जी कमाई उद्या होईल अशी त्याला आशा होती, तिच्यासाठी तो बोलत होता. करवाढीच्या विरोधात माणूस अनेकदा स्वतःच्या स्वप्नाची बाजू घेऊन उभा राहतो. हे राजकारणी पुरते ओळखून असतात, अर्थतज्ज्ञ बहुधा विसरतात.

आणि प्रत्यक्ष निकाल काय लागला? मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीनुसार, वर्षाला दोन लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी ओबामांना मत दिले, मॅककेन यांना ४६ टक्के. चारच वर्षांपूर्वी, २००४ मध्ये, याच गटातील ६३ टक्के मते जॉर्ज बुश यांना होती. म्हणजे ‘तुमचा कर वाढवीन’ असे सांगणाऱ्याला, ज्यांचा कर वाढणार होता त्या वर्गाने कौल दिला.

यावरून श्रीमंतांना कराचे काही वाटत नाही, असा निष्कर्ष काढाल तर तोही चुकेल. २०१२ मध्ये तेच ओबामा तेच वचन घेऊन उभे होते. त्या वेळी अडीच लाखांवरच्या गटात मिट रॉम्नी यांना ५५ टक्के आणि ओबामांना ४२ टक्के मते पडली. उत्पन्नगट थोडे वेगळे पाडले आहेत, तरी कल स्पष्ट आहे.

मित्रहो, तराजूच्या एका पारड्यातले वजन दोन्ही वेळा तेच होते. तरीही काटा उलट दिशेला झुकला. याचा अर्थ फरक दुसऱ्या पारड्यात पडला. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली होती, शेअर बाजारात लोकांची आयुष्यभराची पुंजी वितळत होती, इराकचे युद्ध रेंगाळले होते. ज्याची पुंजी डोळ्यांदेखत आटते आहे, तो चार टक्के करापेक्षा देशाची घडी कोण बसवील याचा विचार करतो. चार वर्षांनी ती भीती ओसरली आणि कराचे वजन पुन्हा जाणवू लागले. कर मोजला जातो तो नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी तुलनेत.

भीतीचे राजकारण

याच्या उलट उदाहरण ब्रिटनचे. मार्च १९९२ मध्ये, मतदानाला एक महिनाही उरला नसताना, मजूर पक्षाचे जॉन स्मिथ यांनी पर्यायी अर्थसंकल्प जाहीर केला. सर्वोच्च दर ४० वरून ५० टक्के, आणि राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीला सुमारे एकवीस हजार पौंडांवर जी मर्यादा होती ती रद्द. प्रामाणिकपणा म्हणावा तर पुरेपूर होता. दहांपैकी आठ कुटुंबांचा यात फायदाच होईल, असे पक्ष सांगत होता. पण सत्ताधारी हुजूर पक्षाने कराच्या बॉम्बगोळ्याची फलके गावोगावी लावली होती. ९ एप्रिलला हुजूर पक्ष २१ जागांच्या बहुमताने निवडून आला.

या पराभवाला केवळ कर कारण होता असे मी म्हणणार नाही. परंतु एकवीस हजार पौंड ही काही धनाढ्याची कमाई नव्हती. तिथवर पोहोचू पाहणारा अनुभवी शिक्षक, कुशल कारागीर, कार्यालयातील अधिकारी, या सर्वांना तो आकडा आपल्या दाराशी आलेला दिसला. गंमत पुढेच आहे. कर वाढू नये म्हणून ज्यांना निवडून दिले, त्याच सरकारने पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात घरगुती वीज आणि गॅसवर मूल्यवर्धित कर लावण्याची घोषणा केली. प्राप्तिकर पुढच्या दाराने येतो तेव्हा आपण कडी लावतो. मागच्या दाराने जो येतो त्याच्याकडे लक्ष राहत नाही. आणि मजूर पक्षानेही धडा घेतला. १९९७ मध्ये प्राप्तिकराचे दर वाढवणार नाही, असे आधी जाहीर करून तो सत्तेवर आला.

जेवणाच्या टेबलावरची निवडणूक

आता एक घरगुती अनुभव सांगतो. २०१२ च्या शरदात मी आणि माझी पत्नी मुलीकडे कॅलिफोर्नियात होतो. मुलगी आणि जावई दोघेही संगणक क्षेत्रात, दोघेही तेथील नागरिक. दोघांची मिळून कमाई तीन लाख डॉलरच्या वर. त्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाबरोबरच राज्याच्या मतपत्रिकेवर एक प्रस्ताव होता, क्रमांक तीस. अधिक उत्पन्नावर सात वर्षे एक ते तीन टक्के जादा प्राप्तिकर आणि चार वर्षे विक्रीकरात पाव टक्का वाढ. पैसा प्रामुख्याने शाळांसाठी. प्रस्ताव फेटाळला गेला तर सुमारे सहा अब्ज डॉलरची कपात आपोआप लागू होणार होती, आणि तिचा मोठा वाटा शाळांवर पडणार होता.

त्या घरात आठवडाभर रोज रात्री वाद. जावयांचे म्हणणे, “बाबा, आम्ही दिवसाला बारा तास राबतो. घराचे हप्ते आहेत, पाळणाघर आहे. आमच्याकडूनच का?” मुलीचे म्हणणे, “आपली मुलगी पुढच्या वर्षी याच शाळेत जाणार आहे. वर्गातली मुले वाढली आणि शिक्षक कमी झाले, तर आपण खाजगी शाळेला किती मोजणार?” दोघेही खरे बोलत होते. मी पाहुणा, गप्प बसलो.

तिकडे निवडणुकीआधी प्रत्येक मतदाराच्या घरी सरकारी पुस्तिका येते. प्रत्येक प्रस्तावाचा मूळ मसुदा, त्याचा तिजोरीवर होणारा परिणाम, बाजूचे आणि विरोधाचे युक्तिवाद, सारे त्यात छापलेले असते. एके रात्री माझ्यातील लेखापाल जागा झाला आणि मी ती वाचायला घेतली. पाहतो तो अडीच लाखांची मर्यादा एकट्या करदात्यासाठी होती; पती-पत्नींनी एकत्र विवरण भरले तर ती पाच लाख होत होती. म्हणजे ज्या करावरून घरात आठवडाभर अबोला धरला गेला, तो त्यांना लागूच नव्हता! त्यांच्या वाट्याला आली असती ती विक्रीकराची पाव टक्का वाढ, शंभर डॉलरच्या खरेदीमागे पंचवीस सेंट.

सकाळी चहाच्या वेळी मी ते पान जावयांपुढे ठेवले. त्यांनी दोनदा वाचले, हसले आणि म्हणाले, “बाबा, मग आता खरा विचार करावा लागेल.” मला ते वाक्य फार आवडले. स्वतःच्या खिशाची भीती गेल्यावर माणूस प्रश्नाकडे पाहू लागतो. त्यांनी पुढे विचारलेला प्रश्न मोलाचा होता: “हा पैसा खरोखर शाळेतच जाईल, हे कशावरून?” पुस्तिकेत त्याचेही उत्तर होते. स्वतंत्र खाते, प्रशासकीय खर्चासाठी तो पैसा वापरण्यास बंदी, दरवर्षी लेखापरीक्षण आणि हिशेब जाहीर करण्याची सक्ती. त्यांनी शेवटी काय मत दिले ते मी विचारले नाही. प्रस्ताव सुमारे ५५ टक्के मतांनी संमत झाला, आणि २०१६ मध्ये मतदारांनी प्राप्तिकराचा भाग २०३० पर्यंत वाढवूनही दिला.

एकच राज्य, दोन कौल

ही कॅलिफोर्नियाची उदार हवा म्हणावी, तर वॉशिंग्टन राज्याकडे पाहा. सिअ‍ॅटलचा परिसर, मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनचे माहेर. आपल्यापैकी अनेकांची मुले तेथे आहेत. त्या राज्यात प्राप्तिकर नव्हता. २०१० मध्ये एक प्रस्ताव आला. दोन लाखांवर कमावणाऱ्या व्यक्तीला आणि चार लाखांवर कमावणाऱ्या जोडप्याला प्राप्तिकर लावावा, पैसा शिक्षण आणि आरोग्यावर खर्च व्हावा. बिल गेट्स यांचे वडील त्याच्या प्रचारात अग्रभागी होते. सुमारे ६४ टक्के मतदारांनी तो धुडकावला. यात श्रीमंत किती असणार? मर्यादेच्या कितीतरी खाली असलेल्यांनीच तो पाडला. विरोधकांचा मुख्य मुद्दा होता तो असा की दोन वर्षांनंतर विधिमंडळ साध्या बहुमताने ही मर्यादा खाली आणू शकेल. आज त्यांच्यावर, उद्या तुमच्यावर. लोकांनी तेव्हा कर नाकारला, त्याहून अधिक आपल्या प्रतिनिधींवरचा विश्वास नाकारला.

त्याच राज्यात २०२१ मध्ये विधिमंडळाने अडीच लाख डॉलरहून अधिक भांडवली नफ्यावर सात टक्के कर लावला. पैसा शिक्षण आणि बालसंगोपनासाठी. तो रद्द करावा असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांपुढे आला. आणि पुन्हा सुमारे ६४ टक्के मते पडली, पण या वेळी कर ठेवण्याच्या बाजूने! चौदा वर्षांत लोक बदलले, कराचे स्वरूपही वेगळे होते, हे मान्य. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की दुसऱ्या वेळी कर आधीच लागू होता. तो कोणाकडून येतो आणि कुठे जातो, हे लोकांनी पाहिलेले होते. न पाहिलेल्या कराची भीती मोठी. पाहिलेल्या कराचा हिशेब होतो.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. कालिदासाने रघुवंशात दिलीप राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पृथ्वीवरचे पाणी शोषतो ते पावसाच्या रूपाने अनेक पटींनी परत देण्यासाठी. आपण ही उपमा भाषणात वापरतो आणि टाळ्या घेतो. पण तिच्यात करदात्याचा हक्क दडलेला आहे, तो विसरतो. पाणी किती उचलले हा पहिला प्रश्न. पाऊस कुठे पडला हा दुसरा, आणि तोच अधिक महत्त्वाचा.

आपल्या घरचा हिशेब

आता आपल्याकडे येऊ. एकेकाळी या देशात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. १९७३-७४ चे ते वर्ष. वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याचे! त्या आधीच्या १९७० च्या अर्थसंकल्पाने तो ९३.५ टक्क्यांवर नेला आणि १९७१ च्या निवडणुकीत ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर इंदिरा गांधींना ३५२ जागा मिळाल्या. अधिक कमावणाऱ्यांची मते मोजण्याइतकीही नव्हती. त्यांनी मतपेटीत उत्तर दिले नाही. पुष्कळांनी ते हिशेबाच्या वह्यांत दिले. दुसऱ्या वह्या ठेवल्या गेल्या. वांछू समितीने १९७१ मध्येच बजावले होते की असे दर करचुकवेगिरीलाच निमंत्रण देतात. अखेर १९७४ मध्ये अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी तो ७७ टक्क्यांवर आणला. पुढे १९८५ मध्ये ५०, १९९२ मध्ये ४० आणि १९९७ मध्ये ३० टक्के झाला. ब्रेबॉर्न स्टेडियमवर नानी पालखीवाला अर्थसंकल्पावर बोलत तेव्हा हजारोंची गर्दी होत असे. आमच्या पिढीने कर म्हणजे काय ते तेथे ऐकले.

आज करदाता किती? २०२२-२३ या आर्थिक वर्षात ७ कोटी ४० लाख लोकांनी विवरणपत्रे भरली, त्यांपैकी ५ कोटी १६ लाखांचे करदायित्व शून्य होते. म्हणजे प्रत्यक्ष प्राप्तिकर भरणारे सव्वादोन कोटींच्या आसपास, आणि २०२४ मध्ये देशातील मतदार सुमारे ९७ कोटी. शिवाय आपल्या मतदाराला कराचा प्रस्ताव हातात मिळत नाही. मे २०१९ मध्ये लोकसभेचे निकाल लागले. पाच कोटींवरच्या उत्पन्नाचा प्रभावी दर ४२.७४ टक्क्यांवर नेणारा अधिभार जुलैत आला. १ फेब्रुवारी २०२५ रोजी बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले आणि चार दिवसांनी दिल्लीत विधानसभेचे मतदान झाले. या दोन तारखांचे नाते कोणी कसेही जोडो, एका कारणाने कोणतीही निवडणूक जिंकली वा हरली जात नाही. सांगायचे ते इतकेच की कर कधी मतानंतर येतो, कधी मताआधी. पण मतपत्रिकेवर तो कधीच नसतो. तो मनात ठेवूनच आपल्याला जावे लागते.

मनात ठेवायचा तर नीट ठेवावा. “पगारवाढ नको, वरच्या टप्प्यात जाईन,” असे म्हणणारे सुशिक्षित लोक मला दरवर्षी भेटतात. वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो, हे त्यांना सांगावे लागते. मात्र पन्नास लाखांवर लागणारा अधिभार संपूर्ण करावर बसतो, म्हणून त्या उंबरठ्यावर सीमांत सवलत दिलेली असते. ती न समजता कोणी घाबरले, तर दोष केवळ त्याचा नाही. कायद्याच्या भाषेचाही आहे.

पावती आणि शाई

शेवटी स्वतःविषयी एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका निवडणुकीत मतदानाची सुटी शनिवार-रविवारला जोडून आली. त्या वर्षी कराने मी वैतागलो होतो. “आपल्या मताने काय होणार?” असे म्हणून सहकुटुंब महाबळेश्वरला गेलो. परत आलो तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. आयुष्यभर शिक्षकी केलेली. प्राप्तिकर भरण्याइतकी कमाई त्यांना क्वचितच झाली. त्यांच्या बोटाला शाई होती. माझ्या बोटाकडे पाहून ते इतकेच म्हणाले, “कर भरलास आणि मत दिले नाहीस? म्हणजे दुकानात पैसे मोजले आणि पिशवी रिकामी घेऊन घरी आलास.” त्यानंतर मी एकही मतदान चुकवलेले नाही.

मुंबईत कुलाबा मतदारसंघ घ्या. तेथे सगळेच श्रीमंत राहतात असे नाही, पण देशातील काही सर्वांत महागडी घरे त्याच परिसरात आहेत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. कुलाब्यात ४५ टक्क्यांच्याही आत. जो सर्वाधिक देतो, तोच विचारायला जात नाही. मग पाऊस कुठे पडला, हे त्याला कोण सांगणार?

अधिक कमावणाऱ्याने स्वतःच्या कराचा विचार करून मत द्यावे, यात मला काही गैर वाटत नाही. कष्टाच्या कमाईचा विचार करणे हा स्वार्थ नव्हे, ती जबाबदारी आहे. पण हिशेब पूर्ण करावा. मला खरोखर किती जादा द्यावे लागेल, हे आधी कागदावर मांडावे. ते कुठे जाणार आहे, हे उमेदवाराला विचारावे. आणि ते न दिले तर कोणती शाळा, कोणता रस्ता, कोणते रुग्णालय अडेल, हे स्वतःला विचारावे. ही तीन उत्तरे मिळाल्यावर मत करवाढीच्या बाजूचे असो वा विरोधाचे, ते विचारपूर्वक दिलेले असेल. तिन्ही प्रश्न टाळून घरी बसणाऱ्याला तक्रारीचा अधिकार मात्र उरत नाही.

माझ्या कपाटात कर भरल्याच्या पस्तीस वर्षांच्या पावत्या जपून ठेवलेल्या आहेत. मताची पावती मिळत नाही. बोटावरची शाई काही दिवसांत निघून जाते. तरीही वडिलांच्या बोटावरची ती शाई मला अजून दिसते.